निर्मात्याचें ऋण

शास्त्राच्या अतिरेकाचें भय दाखविणारे चित्रपट पुष्कळ निघाले व बहुतेक विस्मृतींत गेले. जेम्स व्हेल यांनीं दिग्दर्शित केलेला १९३१ चा ‘फ्रँकेन्स्टाइन’ मात्र नव्वद वर्षें उलटल्यावरहि पाहिला जातो. त्यांतील यंत्रांचा लखलखाट आजच्या मुलांस खेळण्यासारखा वाटेल. बोरिस कार्लॉफ यांचें रंगविलेलें मुखहि आतां फारसें भिववीत नाहीं. मग त्याची ओढ कशांत आहे? हा प्रश्न केवळ रसिकतेचा नसून नीतीचा आहे, असें आम्हांस वाटतें.

हेन्री फ्रँकेन्स्टाइन हा शास्त्रज्ञ प्रेतांचे अवयव जोडून विजेच्या बळानें एक जीव निर्माण करतो व तो त्याच्यावरच उलटतो. हें ऐकतांच आपल्या वाचकांस भस्मासुर आठवेल. परंतु साम्य वरवरचें आहे. भस्मासुर वर मिळतांच देणाऱ्याच्याच मस्तकावर हात ठेवूं पाहतो. हा जीव प्रथम छपरांतून येणाऱ्या उजेडाकडे हात पसरतो. त्याच्या वांट्यास येतात त्या बेड्या आणि फ्रिट्झ नांवाच्या नोकराची जळती मशाल. पुढें तळ्याकांठीं एक लहान मुलगी त्यास फुलें देते. फुलें तरंगतात तशी तीहि तरंगेल, अशा समजुतीनें तो तिला पाण्यांत टाकतो. कृत्य घोर खरें; पण पाणी म्हणजे काय, हें त्यास शिकविणारें कोणीच नव्हतें.

चित्रपटानें या अनर्थास एक सबब दिली आहे: नोकरानें गुन्हेगाराचा सदोष मेंदू आणला. मेरी शेली यांच्या १८१८ च्या मूळ कादंबरींत ही सबब नाहीं. तेथें निर्माता आपली कृति पाहून किळसतो व पळून जातो. अनर्थाचें मूळ तेथेंच आहे. पडद्यावरील दृश्येंहि त्या सबबीची साक्ष देत नाहींत. म्हणूनच प्रेक्षकाची करुणा त्या अनाम जीवाकडे वळते.

ही गोष्ट परदेशची म्हणून आपणांस दूर ठेवतां येत नाहीं. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींतील रासायनिक कारखान्यांत २६ मे २०१६ रोजीं व पुनः २३ मे २०२४ रोजीं भीषण स्फोट झाले. माणसें मेलीं, आसपासच्या घरांच्या कांचा फुटल्या. अशा वेळीं ‘यंत्र बिघडलें’ हें उत्तर चटकन तोंडीं येतें. तें खरेंहि असूं शकेल. पण सदोष मेंदूची सबब ती हीच. कारखाना उभारणारा, त्यास परवानगी देणारा, त्याच्या शेजारीं घरें बांधणारा व त्याच्या उत्पन्नावर जगणारा, असा प्रत्येक जण त्या निर्मितीचा अंशतः जनक आहे. स्फोटापूर्वीच्या शांत दिवसांत तिच्याकडे कोणाचें लक्ष होतें, हें प्रत्येकानें आपल्या मनास विचारावें.

कोणी म्हणेल, मग निर्मितीच करूं नये. तें आम्हांस मान्य नाहीं. औषधें, रंग, कापड यांवांचून आजचा संसार चालत नाहीं, आणि जिज्ञासेस बांध घालणें हें ज्ञानाशीं वैर होय. मूल जन्मास घालण्यांत पाप नाहीं. तें टाकून देण्यांत आहे.

चित्रपटाच्या शेवटीं गांवकरी पवनचक्की पेटवून त्या जीवास जाळतात, आणि इकडे हेन्रीचा वृद्ध पिता घराण्यांत पुत्र जन्मावा म्हणून पेला उंचावतो. ज्यास आधींच जन्म दिला, त्याचें नांवहि तेथें कोणी काढीत नाहीं.