समुद्र सगळं घेतो म्हणून

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ७०



स्थितप्रज्ञाची लक्षणं सांगताना भगवंत इथे समुद्राची उपमा देतात. चहूकडून पाणी येऊन मिळतं, तरी समुद्र आपली मर्यादा सोडत नाही. तसे सगळे विषय ज्याच्यात येऊन विरून जातात, त्यालाच शांती मिळते. श्लोक मला शाळेपासून पाठ आहे. पण गेल्या रविवारी तो पहिल्यांदा अडला.

झालं असं, ऑस्ट्रेलियात असलेल्या मैत्रिणीने 'ट्वेल्व्ह अपॉसल्स'चे फोटो पाठवले. समुद्रात उभे चुनखडीचे उंच सुळके, राखीव किनारा, कुठे कागदाचा कपटासुद्धा नाही. खाली लिहिलं होतं, "तुमच्याकडे काय, चिखल!" मी तोऱ्यात उत्तर दिलं, "आमच्याकडे फ्लेमिंगो आहेत." मग लक्षात आलं, सगळं आयुष्य डोंबिवलीत गेलं, पण ते पाहिलेत कुठे आपण?

म्हणून ऐरोली गाठली. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत आलं. बोटीची वेळ भरती-ओहोटी बघून ठरते. दोन्ही काठांना तिवरांची गर्दी, चिखलातून वर आलेली त्यांची श्वास घेणारी मुळं, आणि एका वळणावर एकदम गुलाबी! शेकडो पक्षी मान खाली घालून, चोच उलटी करून चिखल गाळत होते. बोटीत कुणी बोलेना. मी मनात हात जोडले.

हा गुलाबी रंग पक्ष्यांचा स्वतःचा नसतो, खाण्यातून येतो. धाकटा रोहित तर मुख्यतः पाण्यातल्या शेवाळावरच जगतो. आणि अभ्यासकांचं म्हणणं असं, की खाडीत हे शेवाळ इतकं माजायला आपलं सांडपाणीही कारणीभूत असावं. ऐकून क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आपण घाण सोडायची आणि देवाने तिचे फ्लेमिंगो करायचे. समुद्र सामावून घेतोच की!

तेवढ्यात बोटीजवळून एक पिशवी वाहत गेली. गाठ मारलेली, आत झेंडू.

ती माझी नव्हती. पण असू शकली असती. कॉलेजला असताना कळवा-ठाण्याच्या मधल्या खाडीपुलावरून लोकलच्या दारातून मी निर्माल्याच्या पिशव्या सोडल्या आहेत. एकदा नाही, अनेकदा. कपाळाला हात लावून, श्रद्धेने. पाण्यात गेलं म्हणजे देवाला पोचलं, एवढाच हिशोब. पिशवीचं काय होणार, हा प्रश्नच पडला नाही.

मला श्लोक अडला तो इथे. भगवंत अर्जुनाला सांगतायत की तू समुद्रासारखा हो. तुझं सगळं ओतायला एखादा समुद्र शोध, असं ते कुठेही म्हणत नाहीत. आपण मात्र हा श्लोक नेहमी नाल्याच्या बाजूने वाचतो. शिवाय उपमेतल्या समुद्राला तळ नसतो. ऐरोलीच्या खाडीला आहे, आणि तो गाळाने वर येतोय. कोळीबांधवांना विचारा, मासळी कमी झाली आणि जाळ्यात प्लास्टिक किती येतं ते सांगतील.

मैत्रिणीच्या फोटोतले सुळकेसुद्धा समुद्राने सामावून घेतलेल्या गोष्टींचेच आहेत. तळाशी पडलेल्या शिंपल्या आणि जीवांचे सांगाडे साचून लाखो वर्षांपूर्वी ती चुनखडी तयार झाली. म्हणजे समुद्र घेतो, पण त्याला पचेल ते, आणि त्याच्या वेगाने. आपली पिशवी त्या हिशोबात कुठेच बसत नाही.

आता खरं दुखणं सांगते. घरी कुणी काहीही बोललं तरी आई शांत असते. मी ऑफिसचा राग तिच्यावर काढते, ती गप्प ऐकून घेते. मदर्स डेला मी स्टेटस ठेवलं होतं, 'माझी आई म्हणजे समुद्र'. शंभरच्या वर लोकांनी हार्ट दिलं. ती शांत राहते ही तिची साधना असेल, नाही कोण म्हणतंय? पण तिच्या साधनेवर माझी सोय चालली होती आणि वर मी त्याला भक्ती म्हणत होते. तिच्याही तळाशी काही साचत असेल, हे मी कधी विचारलंच नाही.

संध्याकाळी घरी येऊन हे सगळं तिला सांगितलं, श्लोकासकट. ती गवार मोडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. मग आधी तो डबा घासून टाक. शुक्रवारपासून तुझ्या बॅगेत आहे."