मागच्या सीटवरची मागणी

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला एफ-२ ही वाघीण पाच बछड्यांसह रस्त्यावर आली आणि पर्यटकांच्या जिप्स्यांनी तिची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. चित्रफीत फिरली, बोंब झाली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, जिप्सीचालक आणि गाइड यांच्यावर कारवाई झाली. त्यानंतर जे लिहून आले ते बहुतेक चालकांच्या बेशिस्तीवर. मागच्या सीटवर बसलेल्यांबद्दल फारसे कुणी बोलले नाही. आता चालकाला काय वाघिणीला आडवे जायची हौस असते? ‘एवढे पैसे भरलेत, पोरांना जरा जवळून दाखवा ना,’ असे मागून कुणी म्हणते तेव्हा तो गाडी घालतो. ते म्हणणारा माणूस गावाकडे चांगला बाप म्हणून ओळखला जातो, आणि त्याच्यावर सहसा कुठले कलम लागत नाही.

या बापाला अलीकडे तत्त्वज्ञानाचे पाठबळही मिळाले आहे. रिचर्ड लूव या अमेरिकन लेखकाने २००५ साली ‘लास्ट चाइल्ड इन द वूड्स’ हे पुस्तक लिहिले. मुले घरात कोंडली गेली, निसर्गापासून तुटली आणि त्यामुळे बिघडली, असा त्याचा मुद्दा. त्याने या अवस्थेला विकाराचे नाव दिले. हे वैद्यकीय निदान नव्हे, असेही त्याने स्वतःच सांगितले. आपल्याकडच्या पालकत्वाच्या सदरांत पोहोचेपर्यंत दुसरा भाग गळून पडला आणि विकार तेवढा राहिला. मग औषधही निघाले: महिन्यातून एक रविवार, गाडी, डबे, टोपी, दुर्बीण आणि जंगल. मूल संध्याकाळी निसर्गप्रेमी होऊन परत.

हा सिद्धांत आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला आणून पाहावा.

घुग्घुस म्हणजे वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेडच्या) खाणी, सिमेंट, स्पंज आयर्न आणि कोळशाचे ट्रक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची क्रमवारी लावली, तीत चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथे आले. आयुष्यात एवढे गुण आपल्या जिल्ह्याला दुसऱ्या कुठल्या परीक्षेत पडले नसतील. ऑगस्ट २०२२ मध्ये गावातल्या आमराई वॉर्डात एक अख्खे घर जमिनीत गडप झाले, कारण खाली जुनी भूमिगत खाण होती. ज्या मुलांनी तो खड्डा पाहिला त्यांना ‘तू निसर्गापासून तुटला आहेस’ हे कोणत्या तोंडाने सांगायचे? निसर्ग त्यांच्या पायाखालून सरकतो आणि काळा होऊन वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो. त्याच वर्षी फेब्रुवारीत चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या आवारात वाघाने एक कामगार मारला आणि लगेच शेजारच्या दुर्गापुरात बिबट्याने एक किशोरवयीन मुलगा नेला. दुर्गापूरच्या आयांना जंगलाचा अनुभव विकत घ्यावा लागत नाही.

तरी घुग्घुसची माणसे वाघ पाहायला ताडोब्याला जातात, आणि हौसेने जातात. नोकरदार घरे चार पगार बाजूला टाकून जिप्सी ठरवतात. वाटेत चंद्रपूर लागते, मग २,९२० मेगावॅटचे महाऔष्णिक वीज केंद्र, त्याच्या चिमण्या, पुढे ताडोब्याचे गेट असलेल्या मोहर्लीच्या अंगाला इरई धरणाचा फुगवटा. त्या वीज केंद्राला पाणी याच इरईचे आणि तिथे जळतो तो कोळसा याच पट्ट्यातला. आपल्या बापाच्या पाळीतून निघालेला कोळसा, धरणाचे पाणी आणि मुंबईपर्यंत जाणारी वीज हे सगळे एका रस्त्याच्या कडेने उभे असते. महाराष्ट्रातला याहून चांगला भूगोलाचा तास दाखवून द्यावा. पण पहाटेची वेळ, पोरे मांडीवर झोपलेली. त्यांना उठवायचे ते गेट आल्यावर. परतल्यावर गल्लीत पहिला प्रश्न ठरलेला: ‘वाघ दिसला का गा बाबू?’ दिसला तर पैसे वसूल. न दिसला तर चितळ, रानगवा, अस्वल, तलाव, ऐन आणि मोहाची झाडे ही सगळी बुडीत खात्यात.

याच जिल्ह्यात १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया वाघिणीच्या हल्ल्यात एकाच दिवशी गेल्या. पानांचा हंगाम उन्हाळ्यातला, आणि वाघ पाहण्याचा खरा हंगामही तोच. पाणवठे आटले की वाघ दिसतो. मोहर्लीच्या गेटवर वाघ न दिसणे ही निराशा. सिंदेवाहीत वाघ न दिसणे हीच सुखरूप घरी आल्याची खूण. दोन्हीकडच्या मुलांना शाळेत ‘माझी सहल’ हाच निबंध येतो.

इथे ताराबाई मोडक यांच्याकडे वळले पाहिजे, आणि जरा ठाण मांडून वळले पाहिजे. कारण मूल आणि रान यांच्याविषयी मराठीत एवढा मूलगामी विचार दुसऱ्या कुणी करून दाखवलेला नाही. ताराबाईंचा जन्म १८९२ चा. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केले, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला, आणि पुढे १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ. तिथून मुक्काम कोसबाडच्या टेकडीवर. समोर वारली पाडे. शाळा काढली तर मुले येईनात. धाकटी भावंडे कोण सांभाळणार आणि गुरे कोण चारणार? आजचा अधिकारी असता तर पटनोंदणीची मोहीम काढून मोकळा झाला असता. ताराबाईंनी शाळाच उचलली. लहानग्यांसाठी ती अंगणात नेली, तीच अंगणवाडी. गुराख्यांसाठी ती कुरणात नेली, ती कुरणशाळा. गुरे चरत असतात तिथेच शिक्षक जाणार आणि दगड, पाने, बिया, शिंपले हीच साधने.

यातला धाडसी भाग साधनांचा नाही. रानातली बी मोजायला वापरणे हे आज कुठल्याही महागड्या पूर्व-प्राथमिक शाळेत मिळते, फक्त बी ऑनलाइन मागवलेली असते. धाडस हे, की गुरे चारणाऱ्या मुलाला रानातले कळते हे शिक्षकाने आधी मान्य केले. कोणत्या गवताने गाय फुगते आणि पाऊस कुठल्या अंगाने येतो, याचे ज्ञान त्याच्याकडे होते. अक्षर तेवढे नव्हते. ताराबाईंनी त्याच्याकडचे काढून न घेता त्यात भर घातली. सफारीच्या गाडीत याच्या उलटे घडते. सगळ्यात जास्त जाणणारा मोहर्लीचा गाइड पुढे बसतो आणि त्याला एकच प्रश्न विचारला जातो. त्याच्या आज्याला मोह कधी वेचायचा हे कसे कळायचे, ताडोबा तलावाकाठचा तारू कोण, कोअरमधली गावे उठून कुठे गेली, हे विचारायला तीन-चार तासांत सवड होत नाही.

रान जाणणारी मुले आजही आहेत. गडचिरोलीत मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव आहे. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारे. २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. देवाजी तोफा यांच्या पिढीने तिथे अभ्यासगट चालवले, कायदा वाचला, बांबू मोजला. त्या गावची पोरे जंगल ‘बघायला’ जात नाहीत. जंगल त्यांच्या ग्रामसभेच्या हिशेबाच्या वहीत असते.

इथवर आल्यावर निकाल सोपा वाटतो: सहली बंद करा, पोरांना घरी बसवा. तसे मात्र होत नाही, आणि का होत नाही हे ताराबाईंच्या भक्तांनीही पाहावे. कोसबाडच्या मुलाच्या दारात कुरण होते. घुग्घुसच्या मुलाच्या दारात ट्रकांची रांग आहे. रात्रपाळी करून आलेला बाप आठवड्यातून एक दिवस पोरांसोबत उजेडात असतो. त्याने त्यांना घेऊन धुळीबाहेर जावे यात दोष काढायचा तर आधी आपल्या फुप्फुसांचा फोटो काढून यावा. शिवाय ताडोब्याच्या बफरमधल्या गावांत गाइड, जिप्सी, होमस्टे यांनी घरे चालतात, आगरझरीचे फुलपाखरू उद्यान आणि इरईवरची बोट गावकऱ्यांच्याच हाताने चालते. तेव्हा सहलीवर सरसकट राग नको. राग त्या एका प्रश्नावर असावा, ज्याच्यापुढे बाकीचे सगळे रान बाद होते.

आणि एका दिवसाची सहल लूवच्या पुस्तकाने शिकवलेली नाही. दिवाळी संपली की कार्तिक शुद्ध नवमीच्या सुमारास आवळीभोजन आपल्याकडे चालत आले आहे: आवळ्याचे झाड गाठायचे, पूजा, सावलीत पंगत, संध्याकाळी घरी. दाखवायला काही नाही. बसायला झाड आहे. विदर्भात याला रोडग्यांची जोड. घरच्या सहलीत बायको पहाटे चारला उठून पुऱ्या लाटते आणि दुपारी झाडाखाली वाढतेही तीच. रोडग्यांना मात्र बहुधा पुरुष बसतात. जाड्या कणकेचे तेल लावलेले गोळे गोवऱ्यांच्या आरात पुरायचे, वर राख ओढायची, मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटू द्यायची. तास-दीड तास हलता येत नाही. त्या वेळात पोरे आसपास जे काही करतात, झाडावर चढणे, पडणे, मुंगळ्यांचे वारूळ उकरणे, मार खाणे, तेवढेच त्यांना मोठेपणी आठवते.

घुग्घुसकरांना यासाठी मोहर्ली गाठायची गरज नाही. गावाजवळ वढा येथे वर्धा आणि पैनगंगा मिळतात. वढ्याला विदर्भाची पंढरी म्हणतात. कार्तिक पौर्णिमेला तिथे जत्रा भरते. भद्रावतीला विजासनची बौद्ध लेणी आहेत, तीन लांब दालने आणि प्रत्येकाच्या टोकाला अंधारात बसलेली बुद्धमूर्ती. मोबाइलच्या टॉर्चशिवाय आत जायचे, डोळे सरावेपर्यंत थांबायचे. चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट २०१७ पासून इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी झुडपे तोडून चालण्याजोगा केला. त्याला तिकीट नाही आणि मागून कुणी गर्दीही करत नाही.

आता सगळ्यात मोठी गंमत. वेकोलि आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने २०१६ मध्ये खाण पर्यटन सुरू केले, ते नागपूरजवळ सावनेर-गोंडेगावला. म्हणजे नागपूरची पोरे हेल्मेट घालून कोळसा कसा निघतो ते पाहून येतात, फोटो काढतात. ज्यांच्या घरी तो कोळसा रोज अंगावरून धुतला जातो, त्या घुग्घुसच्या पोरांना बाप नेमका कुठे जातो हे पाहायचे असेल तर त्यांनाही तिकडेच पाठवायचे का?

वेकोलिच्या वणी क्षेत्राने आणि घुग्घुस नगर परिषदेने मिळून एवढे करावे. महिन्यातून एका रविवारी सकाळी गावातून एक बस सोडावी: आधी खाणीच्या काठावरच्या सुरक्षित जागेवरून खाली काय चालते ते दाखवावे, समजावून सांगायला निवृत्त खाणकामगार ठेवावा, मग वढ्याला संगमावर न्यावे आणि संध्याकाळी परत आणावे. आमराई वॉर्डातून हलवलेल्या घरांच्या मुलांना पहिल्या फेरीत जागा द्यावी. तिकीट लावू नये.