राखून ठेवलेली शेंग

सज्जन हो, सावता महाराज अरणच्या मळ्यात राबले, आणि परंपरा सांगते की पांडुरंगच त्यांच्या भेटीस मळ्यात गेला. तेव्हा वारकऱ्याने मळ्यातल्या झाडाकडे नुसती भाजी म्हणून पाहू नये; ते काय शिकवते तेही पाहावे. आज भेंडीचे झाड घेऊ.

भेंडी ही कापूस, जास्वंद व अंबाडी यांच्या कुळातली. फूल पिवळे, पोटात गडद जांभळे. सकाळी उमलते आणि दिवसभरात मावळते. पण तेवढ्यात आपले काम करून जाते. पुढे पाच-सहा दिवसांत कोवळी शेंग तोडली तर भाजी. न तोडली तर महिनाभराने ती वाळते, तडकते, आणि आत बी तयार असते. आता सांगा, आजचा बाजार करायचा की शेंग राखायची? ज्याला बी हवे, त्याने जिभेला आणि खिशाला आवर घातला पाहिजे. संयम काय पोथीतच असतो? तो बांधावरही असतो.

जालन्याकडच्या मंडळींना हे सांगायला नको. बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीच्या 'पुसा सावनी' वाणाच्या बियाण्यावर आरंभी काम केले, १९६४ साली जालन्यात 'महिको' ही कंपनी काढली, आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याच्या धंद्याने या गावाचे नाव दूरवर गेले.

पण बियाण्याचे व्रत कडक आहे बरे! प्रमाणित बियाण्याच्या भेंडीजवळ २०० मीटरच्या आत दुसऱ्या वाणाची भेंडी नको, कारण मधमाशी कुंपण पाहत नाही. पांढऱ्या माशीमुळे शिरा पिवळ्या पडलेले झाड दिसले की उपटायचे. संकरित बी करायचे तर संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या सकाळी परागकण लावायचे. आयाबायांची बोटे एकेका फुलाशी असा हिशोब करतात.

येथे खरी परीक्षा आहे. भाजी शिळी निघाली तर त्याच दिवशी कळते. बी खोटे निघाले तर केव्हा कळते? पेरणी झाल्यावर, पाऊस निघून गेल्यावर, डोक्यावर कर्ज झाल्यावर. घेणारा गरीब कोरडवाहू शेतकरी. त्याने डोळे मिटून विश्वास टाकलेला. तपासणीचा अधिकारी मोजक्या वेळा येतो, पण साक्षी पांडुरंग रोज उभा आहे. गळ्यात माळ घालून जो भेसळीचे बी विकेल, त्याची वारी पावेल काय? आपल्या मनाला विचारा.

गुऱ्हाळात पहा. भेंडीच्या खोडाचा चिकट रस उकळत्या उसाच्या रसात घातला की मळी वर येते आणि गूळ निर्मळ होतो. नाम असेच आहे. मळ वर आला म्हणून घाबरू नये, तो काढून टाकावा.

म्हणून यंदा परसात सरळ वाणाची दोन झाडे बियासाठी सोडा. संकरितचे बी मात्र राखू नका, ते पुढे मूळ गुण धरत नाही. शेंगा झाडावरच वाळू द्या, बी कोरड्या बरणीत ठेवा. पेरण्याआधी रात्रभर भिजवा, ओळीत दोन फूट व झाडांत एक फूट अंतर ठेवा. उगवले की ओंजळभर शेजाऱ्याला द्या, आणि देताना खरे तेच द्या.

रामकृष्ण हरी.