गोगलगायींचा प्रश्न

स्लाऊच्या वहिनी मूळच्या चिपळूणच्या. लंडनच्या पश्चिमेला असलेल्या या गावात त्यांनी कौन्सिलकडून अलॉटमेंट, म्हणजे भाजी लावायला जमिनीचा तुकडा, भाड्याने घेतला आणि त्यात मेथी, कोथिंबीर, वाल लावले. व्हिसाची वर्षं भरत आली तशी कायम वास्तव्यासाठी इंग्रजीची बी-वन पातळी दाखवायची वेळ आली. वहिनींनी ट्रिनिटी या संस्थेची जीईएसई, ग्रेड ५ ही परीक्षा निवडली. तिच्यात लिहिणं-वाचणं नाही. परीक्षकासमोर बसून १० मिनिटं बोलायचं. निम्मा वेळ आपण निवडलेल्या विषयावर, उरलेला सण, संगीत, प्रवासाची साधनं अशा ठरलेल्या यादीतल्या विषयांवर.

विषय अर्थातच अलॉटमेंट. वहिनींच्या यजमानांनी, दादांनी, चांगलं दोन पानी भाषण लिहून दिलं. ‘फॉर’ आणि ‘सिन्स’ जागच्या जागी, ‘बिकॉज’ भरपूर. वहिनींना ते आठवड्यात मुखोद्गत झालं. शाळेत त्यांचं पाठांतर नावाजलेलं होतंच.

धाकटा मुलगा परीक्षक होऊन बसला. त्याने मधेच विचारलं, “पाऊस फार झाला तर काय करतेस?” वहिनी थांबल्या आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाल्या. मग त्याने प्रश्न काढून दिले, त्यांचीही उत्तरं पाठ झाली. विचारलं की सांगायचं, नाही विचारलं की गप्प.

“आई, ही परीक्षेची तयारी नाही, पोलीस चौकीची आहे. त्या माणसाला तूही काहीतरी विचारायचं असतं. नियमच आहे तसा.”

“मोठ्या माणसाला मी काय विचारणार?”

“मंडईत विचारतेस ते.”

दादांनी लगेच एक प्रश्न लिहून दिला: ‘तुम्हाला बागकाम आवडतं का?’ वहिनींनी तोही पाठ केला.

ही तयारी चालू असताना मेथीवर गोगलगायी आल्या, बिनशंखाच्या, बोटाएवढ्या. रात्रीत वाफा साफ. शेजारच्या तुकड्यावर एक म्हातारे साहेब कोबी लावत, त्यांचा कोबी धडधाकट. रोज ते “हाऊ आर यू?” म्हणत, वहिनी “फाइन, थँक यू” म्हणून खाली बघत. चिपळुणात असत्या तर कुंपणाशी उभं राहून त्यांनी खतापासून बियाण्यापर्यंत सगळं काढून घेतलं असतं. भाषा बदलली म्हणून माणूस चौकस राहू नये की काय?

परीक्षेच्या दिवशी वहिनींनी सुरुवात झोकात केली. तिसऱ्या वाक्याला परीक्षकबाईंनी विचारलं, “या वर्षी मेथी कशी आलीय?” दोन पानांत याचं उत्तर नव्हतं. वहिनी क्षणभर अडल्या आणि म्हणाल्या, “नो मेथी. ऑल फिनिश. स्लग्ज हॅव ईटन.” आणि मनात होतं तेच तोंडून गेलं: “तुमच्याकडे येतात का हो? तुम्ही काय करता?”

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. वाटीत बियर ओतून ती मातीत कडेपर्यंत पुरायची, त्या वासाने गोगलगायी येतात आणि त्यातच बुडतात.

“बियर? कुठली? महागातली?”

मग वाटी किती खोल, पाऊस पडला तर काय, रोज बदलायची का, असे प्रश्नांमागून प्रश्न. शेवटी बाईंनाच विषय आवरून सणांकडे वळावं लागलं.

बाहेर दादा कागद घेऊन उभे होते. “सगळं आठवलं ना?”

“ते राहू द्या. जाताना बियरचा एक डबा घ्या. स्वस्तातला. आणि त्याला तुम्ही हात लावायचा नाही.”