शून्य बिलामागचे युनिट

चि. मुक्ता,

बिलाचा फोटो मिळाला. स्थिर आकार सोडला तर भरायचं जवळजवळ काहीच नाही, म्हणून तू खुशीत आहेस. मातीच्या विटांचं घर, पावसाच्या पाण्याची टाकी, ‘सूर्यघर’ योजनेतलं 78,000 रुपयांचं अनुदान घेऊन छपरावर बसवलेले 3 किलोवॅटचे पॅनेल, या सगळ्याचा मला मनापासून अभिमान आहे. तरीही सांगते, त्या बिलावर विसंबू नकोस. तुझं घर वीज किती खातं, ते त्यातून कळतच नाही.

नेट मीटर दोनच आकडे धरतो: महावितरणकडून घेतलेली वीज आणि त्यांना दिलेली. बिल येतं ते या दोहोंच्या फरकाचं. पॅनेलची जी वीज दिवसा घरातच खपते, ती मीटरला दिसत नाही. समज, महिन्याला 360 युनिट तयार झाले, त्यातले 210 बाहेर गेले आणि रात्री 150 आत आले. कागदावर तुझेच 60 युनिट जमा. प्रत्यक्षात मात्र घराने 300 युनिट वापरले. म्हणजे तयार झालेल्यातून दिलेले वजा कर आणि घेतलेले मिळव. तिन्ही आकडे दर रविवारी, एकाच वेळी, कालनिर्णयावर दुधाचा हिशेब लिहितेस त्याच चौकटीत लिही. महिनाभरात घराच्या सवयी दिसू लागतील.

मग एका रात्री, सगळे झोपल्यावर, दिवे-पंखे बंद करून मीटरपाशी जा. त्यावरचा लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी 3200 किंवा 1600 असा आकडा असतो. एका युनिटमागे तेवढ्या वेळा तो लुकलुकतो. 3200 असेल आणि दोन लुकलुकींत 11 सेकंद जात असतील, तर साधारण 100 वॅट चालू आहेत. दिवसरात्र तेवढेच चालत राहिले तर महिन्याचे 72 युनिट होतात. फ्रिजचं बटणही थोडा वेळ बंद करून बघ. उरेल तो सेट-टॉप बॉक्स, बॅटरीवाला जुना इन्व्हर्टर, राउटर यांचा वाटा. एकेक काढत गेलीस की चोर सापडतो. मोबाइलच्या चार्जरवरून मुलांवर ओरडू नकोस, त्यात फारसं काही नाही.

खरा खर्च उष्णतेत आणि सतत फिरणाऱ्या गोष्टींत असतो. 2,000 वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो. सकाळी लावून विसरला जातो तो हाच. बटणाला टायमर बसव, आणि जमलं तर सौर बंब घे. जुना पंखा 75 वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा 30च्या. रोज दहा तास फिरणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला 13-14 युनिट वाचतात. सासूबाईंचा पंखा बंद करायला मात्र जाऊ नकोस. त्यांच्या खोलीतला आधी बदल. वाऱ्याला कमी पडत नाही हे त्यांना पटलं की बाकीच्यांना समजवावं लागत नाही.

बिल शून्य असताना हा खटाटोप कशाला, असं घरात कुणी म्हणेल. सूर्य मावळल्यावर तुझ्या घरात येणाऱ्या विजेत कोयनेचं पाणी थोडं, चंद्रपूर-कोराडीचा कोळसा जास्त. दुपारी दिलेल्या विजेने रात्रीचा धूर पुसला जात नाही. म्हणून पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री ही कामं उन्हातच उरकत जा. आणखी दोन पॅनेल बसवायचा विचार तूर्त बाजूला ठेव. आधी घराचा खरा वापर खाली आण, गरज उरते का ते मग पाहू.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तिन्ही आकडे मला कळव. बिलाचा फोटो नाही पाठवलास तरी चालेल.

तुझी,
आत्या