पडद्यावरची जिजाऊ आणि नमस्काराचा धनी

बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेड राजा इथे दरवर्षी १२ जानेवारीला जिजाऊंचा जन्मोत्सव होतो. लखुजी जाधवांच्या वाड्यात १५९८ साली जिजाऊ जन्मल्या असे मानले जाते, आणि त्या जन्मस्थळापुढे त्या दिवशी माणसांची रीघ लागते. तिथल्या शिल्पात जिजाऊंसोबत बाल शिवबा आहे. लोक फुले वाहतात, लेकराला कडेवर उचलून तो चेहरा दाखवतात. तो चेहरा मात्र शिल्पकाराने कल्पनेने घडवलेला आहे. जिजाऊंचे समकालीन आणि निर्विवाद म्हणावे असे चित्र उपलब्ध नाही. मराठी माणसाच्या मनातली जिजाऊ चित्रकारांनी, नाटक मंडळ्यांनी आणि सिनेमाने मिळून घडवली. तिच्यात मोठा वाटा सुलोचना लाटकर यांचा आहे. भालजी पेंढारकरांच्या ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) या चित्रपटात त्यांनी जिजाबाई साकारल्या. डोक्यावरून घेतलेला पदर, ठाम पण न चढणारा आवाज, करारी तरीही मायाळू डोळे हे सगळे तेव्हापासून अनेकांच्या मनातल्या राजमातेला चिकटले ते कायमचेच.

जुन्या चित्रपटांच्या चाहत्यांपुढे इथे एक जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. पडद्यावरच्या त्या बाईंना पाहून प्रेक्षकाचे हात आपोआप जुळतात, तेव्हा नमस्कार कुणाला पोचतो? जिजाऊंना, सुलोचनाबाईंना, की प्रेक्षकाच्या मनातच असलेल्या कुठल्याशा आईला? सिनेमाच्या गप्पांत हा प्रश्न हसण्यावारी जातो. परंतु भारतीय परंपरेत दोन वेगळ्या शास्त्रांनी त्याचा गांभीर्याने विचार केला आहे: एक नाट्याचे, दुसरे मूर्तिपूजेचे.

नाट्यशास्त्रात भरतमुनींनी रसाची व्याख्या एका सूत्रात सांगितली आणि नंतरच्या आचार्यांना शतकानुशतके पुरेल एवढा वाद मागे ठेवला. रस राहतो कुठे? भट्ट लोल्लटाच्या मते तो मुळात रामसीतेत असतो आणि नटावर त्याचा आरोप होतो. श्रीशंकुकाला हे पटले नाही. त्याने चित्रातल्या घोड्याचा दाखला दिला. भिंतीवर रंगवलेला घोडा पाहून माणूस ‘हा घोडा’ असे म्हणतो. हे ज्ञान खरे नव्हे, कारण तिथे घोडा नाही. तो भ्रमही नव्हे, कारण कुणी त्याला दाणावैरण घालायला जात नाही. तो संशय नव्हे आणि ‘घोड्यासारखे काहीतरी’ अशी नुसती तुलनाही नव्हे. नटाला ‘हा राम’ म्हणून पाहणे याच वेगळ्या जातीचे असते. भट्टनायकाने पुढचे पाऊल टाकले. रंगभूमीवरची सीता ही अमक्याची पत्नी, तमक्या गावची, अशी राहत नाही. तिचे साधारणीकरण होते, म्हणूनच परक्या माणसाला तिच्या दुःखात शिरता येते. अभिनवगुप्ताने शेवटी रसाचा मुक्काम रसिकाच्या मनात हलवला. तिथे संस्काररूपाने जे निजलेले असते, ते नाट्य जागे करते.

चारही मते पडद्यावरच्या जिजाऊंना लावून पाहता येतात, पण शंकुकाचे सर्वांत नेमके बसते. सुलोचनाबाई म्हणजे जिजाऊ नव्हेत हे थिएटरातल्या शेवटच्या रांगेलाही ठाऊक असते, तरीही ‘या सुलोचनाबाई’ असे कुणी त्या क्षणी मनात म्हणत नाही. अभिनवगुप्ताने मात्र एक धोका नोंदवला होता, आणि सिनेमाच्या संदर्भात तो फार महत्त्वाचा ठरतो. रसास्वादात येणारी विघ्ने सांगताना तो म्हणतो की नटाचे नटपण झाकायला वेष आणि शिरोभूषण असतात. ते झाकले तरच प्रेक्षक या माणसाच्या आणि आपल्या खासगी काळजीतून सुटतो. तारकांच्या सिनेमाने हा नियम नेमका उलटा केला. मुकुटाने नट झाकायचा सोडून नटीच्या नावावर मुकुट खपू लागला. ‘साहिब बीबी और गुलाम’मध्ये आधी मीनाकुमारी दिसते, मग छोटी बहू. चाहता तयार होतो तो याच जागी, आणि शास्त्राच्या भाषेत बोलायचे तर तो रसविघ्न उराशी घेऊनच थिएटरात शिरतो.

चाहत्याच्या बाजूने बोलणारे काही हवे असेल तर देवळाकडे वळावे लागते. लोणारचे दैत्यसूदन मंदिर बुलढाणा जिल्ह्यातच, उल्कापाताने झालेल्या सरोवराजवळ गावात आहे. लोणासुराला मारणाऱ्या विष्णूचे हे देऊळ. त्याच्या बाहेरच्या भिंती शिल्पांनी गच्च भरल्या आहेत; त्यांत देवदेवतांबरोबर सुंदर स्त्रियांच्या आकृतीही आहेत. प्रदक्षिणा घालणारा त्यांच्याकडे पाहतो, क्वचित थबकतो, आणि पुढे जातो. गर्भगृहासमोर आल्यावर पाहण्याचे दर्शन होते. देऊळ बांधणाऱ्यांनी कौतुक आणि दर्शन यांच्या जागा अशा वेगळ्या ठेवल्या. दोन्हीकडे दगड एकच. फरक विधीचा, जागेचा आणि पाहणाऱ्याच्या हेतूचा. पडद्यावर ही सोय नाही. तिथे बाहेरची भिंत आणि गर्भगृह एकाच पांढऱ्या कापडावर येतात, आणि कधी कौतुक करायचे व कधी हात जोडायचे हे प्रेक्षकाचे प्रेक्षकालाच ठरवावे लागते.

मूर्तिपूजेकडे आणखी एक शहाणपण आहे. मूर्तीत देव येतो तो प्राणप्रतिष्ठेने, आणि पार्थिव मूर्तीतून तो विसर्जनाने परत जातो. काशीजवळच्या रामनगरच्या रामलीलेत राम, सीता आणि भाऊ यांची कामे करणारी मुले ‘स्वरूप’ मानली जातात. मुकुट डोक्यावर असेपर्यंत त्यांची आरती होते, काशीनरेशही त्यांना मान देतात. मुकुट उतरला की ती शेजारच्या घरातली पोरे. मुलगा उद्या शाळेत कसा वागतो यावर रामाचे देवत्व अवलंबून नसते. ख्रिस्ती धर्मानेही हा प्रश्न सोडवताना पुष्कळ डोकेफोड केली. प्रतिमा फोडायच्या की पुजायच्या यावर बायझंटाइन साम्राज्यात मोठा संघर्ष झाला आणि ७८७ साली निकायाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने निर्णय दिला: प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही, ती ज्याची आहे त्याच्याकडे जातो. नमस्काराच्या धनीपणाचा हा निकाल सिंदखेड राजाच्या शिल्पालाही लागू पडतो. अडचण एवढीच की दगडाला किंवा रंगाला स्वतःचे आयुष्य नसते. नटीला असते.

भारतीय सिनेमा जन्मापासूनच या अडचणीत आहे. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामती झाले ते अण्णा साळुंके, कारण पडद्यावर यायला बाई मिळेना. ‘लंका दहन’मध्ये (१९१७) याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोघेही रंगवले, आणि राम पडद्यावर येताच प्रेक्षक पायातले जोडे काढत असत अशी आठवण सांगितली जाते. इथे नमस्काराला काही धोका नव्हता. साळुंक्यांच्या घरगुती आयुष्यात सीता शोधायला कुणी गेले नाही. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, पुढे १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’त दुर्गा खोटे तारामती झाल्या, तेव्हापासून चित्र पालटले. आता भूमिकेला एक खरे घर, खरी सासर-माहेरची माणसे आणि वर्तमानपत्रांत छापून येणारे खरे आयुष्य चिकटले. विजय भट्ट यांच्या ‘राम राज्य’मध्ये (१९४३) शोभना समर्थ सीता झाल्या, प्रेम अदीब राम. त्यांची छायाचित्रे कॅलेंडरांवर छापली गेली आणि कॅलेंडरे देव्हाऱ्याशेजारी लागली. १९७५ च्या ‘जय संतोषी माँ’ने तर पडद्यावरून देवळापर्यंतचा उलटा प्रवास केला. फारशी कुणाला माहीत नसलेली देवी चित्रपटानंतर घरोघरी शुक्रवारच्या व्रतात आली. प्रेक्षक पडद्यावर फुले आणि नाणी उधळत होते. अनिता गुहांना त्याआधी ‘संपूर्ण रामायण’मध्ये सीता म्हणून लोकांनी पाहिले होते, आता लोक त्यांच्याकडे आशीर्वाद मागू लागले.

हॉलिवूडमध्ये हीच गोष्ट किती कडू वळण घेऊ शकते ते इन्ग्रिड बर्गमनच्या बाबतीत दिसले. ‘कासाब्लांका’ने (१९४२) ती लाडकी झाली, ‘द बेल्स ऑफ सेंट मेरीज’मध्ये (१९४५) जोगीण झाली, आणि १९४८ साली ‘जोन ऑफ आर्क’मध्ये संत. १९४९ मध्ये ती रोबेर्तो रोसेलिनीच्या चित्रपटासाठी इटलीला गेली, त्याच्या प्रेमात पडली, आणि पहिल्या लग्नाचा निकाल लागण्याआधी १९५० च्या फेब्रुवारीत तिला मुलगा झाला. मार्चमध्ये एका सिनेटरने अमेरिकेच्या सिनेटमध्ये उभे राहून तिच्यावर आग पाखडली. एखाद्या नटीच्या लग्नाची एवढी उठाठेव सिनेटला का वाटावी? कारण प्रेक्षकांनी तिच्यातल्या संताचे विसर्जन केलेच नव्हते. १९५६ च्या ‘अनास्तासिया’साठी तिला ऑस्कर मिळाले, १९७२ साली दुसऱ्या एका सिनेटरने त्याच सभागृहाच्या कामकाजात तिच्यावरच्या अन्यायाबद्दल दिलगिरी नोंदवली. जेनिफर जोन्स तुलनेने सुखरूप सुटली. ‘द साँग ऑफ बर्नाडेट’मध्ये (१९४३) मरियमचे दर्शन घडलेली भाबडी खेडूत मुलगी साकारून तिने ऑस्कर मिळवले, आणि तीनच वर्षांनी ‘ड्युएल इन द सन’मध्ये वासनेने पेटलेली पर्ल चावेझ रंगवली. जे तिला बर्नाडेट म्हणूनच पाहू इच्छित होते त्यांना ते जड गेले असेल, पण अभिनेत्री म्हणून तिची ताकद या दोन भूमिकांमधल्या अंतरातच दिसते.

मराठीत या अंतराचे नाव हंसा वाडकर. प्रभातच्या ‘संत सखू’मध्ये (१९४१) त्या सखू होत्या. सखूची कथा शेगावहून गजानन महाराजांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जाणाऱ्या कुणालाही सांगावी लागत नाही: सासरच्यांनी कोंडलेली सखू पंढरीला जाते आणि तिच्या जागी खुद्द विठ्ठल सखूचे रूप घेऊन दळण-कांडण करतो. म्हणजे या कथेत देवच अभिनय करतो, आणि सासूला तो कळत नाही. सोंग घेणे हे इथे खोटेपणाचे लक्षण नाही, कृपेचे आहे. सखूनंतर सहाच वर्षांनी ‘लोकशाहीर रामजोशी’त हंसाबाई तमाशातली बया झाल्या, १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ने गावोगाव गर्दी खेचली, आणि त्याच नावाने त्यांनी आपली आत्मकथा सांगितली. दारू, फसलेला संसार, पुरुषांकडून झालेला छळ, स्वतःच्या चुका यांतले त्यांनी काही लपवले नाही. श्याम बेनेगलांनी त्या आत्मकथेवर बेतलेला ‘भूमिका’ १९७७ साली केला आणि त्यातल्या कामासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘असली बाई सखू कशी?’ असा प्रश्न आत्मकथा वाचून कुणाला पडला असेल तर तो प्रश्नच चुकला आहे. सखूला केलेला नमस्कार हंसाबाईंच्या आयुष्याचा दाखला मागत नाही. विठ्ठलाने जात्यावर बसण्याआधी स्वतःचे देवपण तरी कुठे सिद्ध केले होते?

म्हणून नमस्कार चुकत नाही. चुकते ती नमस्कारानंतरची मागणी. अभिनेत्रीने आयुष्यभर मुकुट घालून हिंडावे ही अपेक्षा भक्तीची नाही, मालकीची आहे. तसेच ‘नटीला कसला नमस्कार’ म्हणून नाक मुरडणाऱ्याचीही बाजू लंगडी पडते, कारण तो दगडाला प्रतिमा होऊ देतो आणि जिवंत माणसाच्या कष्टाला ती मुभा नाकारतो. भूमिकेचे देणे भूमिकेला गेले की अभिनेत्रीचे वेगळे देणे उरते, आणि ते हात जोडून फिटत नाही. ते लक्ष देऊन पाहिल्यानेच फिटते.

सुलोचनाबाईंच्या बाबतीत हे लक्ष कसे द्यावे याचे उत्तम उदाहरण बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’त (१९५९) आहे. तिथे त्या चारू आहेत: अस्पृश्य मानलेल्या जातीतली पोरकी मुलगी घरात वाढवणारी, तिच्यावर जीव लावणारी, पण परक्यांसमोर तिची ओळख करून देताना ‘मुलगी’ म्हणायला अडखळून ‘मुलीसारखी’ म्हणणारी आई. तो शब्द त्या दुष्टपणाने उच्चारत नाहीत. अगदी सहज, पाहुण्यांशी बोलताना शोभेल अशा गोडीने उच्चारतात, आणि म्हणूनच तो सुजाताइतकाच प्रेक्षकालाही लागतो. शेवटी चारू मरणाच्या दारात असताना सुजाताचेच रक्त तिला दिले जाते, तेव्हा कुठे तो अडथळा निघतो. ‘मोलकरीण’मध्ये (१९६३) त्याच सुलोचनाबाई शिकून मोठ्या झालेल्या मुलाच्या घरी कामवाली म्हणून राबतात. स्वराज्याचे स्वप्न पेरणारी आई, जातीपुढे कचरणारी आई आणि मुलाच्या घरात परकी झालेली आई या तिन्ही बायका एकाच पदराखाली, एकाच आवाजात उभ्या राहतात. चारूची भित्री माया पाहिलेली असली की जिजाऊंची निर्भय माया ही त्या चेहऱ्याला फुकट मिळालेली देणगी नव्हे, ती कमावलेली आहे, हे उमगते.

सुलोचनाबाईंना १९९९ साली पद्मश्री आणि २००९ चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार मिळाला. ४ जून २०२३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. जिजाऊ जयंतीच्या दिवसांत ‘मराठा तितुका मेळवावा’ पाहणाऱ्यांनी त्याच आठवड्यात ‘सुजाता’ही पाहावा.