आंधळ्याची वाट

आंधळ्याच्या वाटेंत अडखळण ठेवूं नये, अशी आज्ञा लेवीय १९:१४ या ठिकाणीं आहे. ती वाचतांना पुष्कळांचें मन स्वस्थ असतें. असला क्रूरपणा आपण कधीं केला नाहीं, असें जो तो म्हणतो. पण त्याच वचनांत देवाचें भय बाळगण्यास सांगितलें आहे, तें कां? आंधळ्यास ठेंच लागते, परंतु धोंडा कोणीं ठेविला हें त्याला दिसत नाहीं. पाहणारा एक देवच उरतो.

कोणी विचारील कीं, ज्यानें कांहींच ठेविलें नाहीं त्याचा दोष कोणता? अनुवाद २२:८ पाहा. नवें घर बांधणारानें धाब्यास कठडा करावा. न केल्यास व कोणी पडल्यास रक्ताचा दोष त्या घरावर येतो. घरधन्यानें कोणास ढकललें नव्हतें. कठडा केला नव्हता, एवढेंच.

जपानांतील ओकायामा शहरीं सेइइची मियाके नांवाचे गृहस्थ उतारूंसाठीं विश्रांतिगृह चालवीत. पांढरी काठी घेतलेला एक मनुष्य रस्ता ओलांडतांना मोटारीखालीं सांपडतां सांपडतां वाचला, हें त्यांनीं पाहिलें असें सांगतात. मोटार त्यांची नव्हती, रस्ताहि त्यांचा नव्हता. तरी १९६५ सालीं त्यांनीं उंचवटे असलेल्या फरशा तयार केल्या, आणि ता. १८ मार्च १९६७ रोजीं त्या शहरांतील अंधशाळेजवळच्या रस्त्यावर प्रथम बसविल्या गेल्या. तळव्यास व काठीच्या टोकास त्या कळतात. लांब पट्ट्या लागल्या म्हणजे पुढें चालावें. वाटोळे उंचवटे लागले म्हणजे थांबावें, पुढें रस्ता किंवा फलाटाची कड आहे, असा आज संकेत आहे. आमच्या मोठ्या शहरांतील स्थानकांवरहि अशा फरशा दिसतात. त्यांवर गांठोडीं ठेवून बसणारांस त्या कशासाठीं आहेत हें बहुधा ठाऊक नसतें. आम्हीहि एकदां असेच बसलों होतों.

खेड्यांत अशा फरशा येईपर्यंत मंडळ्यांनीं वाट पाहूं नये. उपासनामंदिराच्या पायरीपुढें पायास कळेल अशी खडबडीत पट्टी गांवचा गवंडी एका दिवसांत करून देईल. पण रविवारीं दारांतच आम्ही सायकली लावतों, त्यांचें काय? अंध बंधूस हात धरून आणलें म्हणजे काम झालें, असें उपदेशकानेंहि समजूं नये. हात धरून आणलेला मनुष्य दुसऱ्याच्या सवडीनें येतो. ज्याची वाट मोकळी आहे तो आपल्या इच्छेनें येतो. त्यालाच विचारावें कीं, बाबा, घरापासून येथवर तुमचा पाय कोठें कोठें अडतो? तो दाखवील त्या जागांपैकीं कांहीं आमच्याच दारापुढच्या निघतील.